टीबीने फुप्फुसात पडलेल्या जुन्या पोकळीत फंगल बॉल (बुरशीचा गोळा) निघालाय, वडिलांना इट्राकोनाझोल सुरू केलंय, कोणाला अनुभव आहे का?

उजनीकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट उत्तर देता येणार नाही.

आमचे आण्णा, वय ६३, गाव करमाळा तालुक्यात, शेती. २०१७ ला टीबी झाला होता, सरकारी दवाखान्यातून सहा महिने एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) घेतली, एक दिवस खाडा केला नाही, बरे झाले, अंगावर मांस आलं, परत रानात जायला लागले. बिडी मात्र त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती, आता बंद आहे. मध्ये सीओपीडी (दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) निघालं, त्यासाठी फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइडचा पंप सकाळ-संध्याकाळ ओढतात.

गेल्या दिवाळीपासून परत खोकला वाढला, जेवण कमी झालं, शर्ट खांद्यावरून उतरायला लागला इतके वाळले, ताप मात्र फारसा नाही. मग एक दिवस बेडक्यात रक्त आलं. जवळच्या एका डॉक्टरांनी एक्सरे बघितला, म्हणाले टीबी उलटलाय, आणि थुंकी न तपासताच एकेटी परत चालू केली. आण्णांना त्या गोळ्यांनी उलट्या सुरू झाल्या, खोकला आहे तसाच, रक्त अधूनमधून येतंच होतं. शेवटी त्यांना पुण्याला आणलं, छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. सीबीनॅट (थुंकीतल्या टीबीच्या जंतूंच्या डीएनएची तपासणी) निगेटिव्ह आली, कल्चरला (जंतू वाढवून बघायला) थुंकी पाठवलीय, सिटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जुनी पोकळी आणि त्यात गोळा दिसतोय, बाजूला अजून दोन लहान पोकळ्या, त्यांच्या भिंती जाड झाल्यात. रक्तात ॲस्परजिलस आयजीजी (एका बुरशीविरुद्धच्या अँटीबॉडी) भरपूर वाढलेलं. डॉक्टर म्हणाले हा टीबी नाही, बुरशी आहे. एकेटी बंद केली आणि बुरशीचं औषध इट्राकोनाझोल २०० दोन वेळा दिलंय, निदान सहा महिने म्हणाले.

ओपीडीत एवढी गर्दी होती की विचारायचं निम्मं राहून गेलं. ही कोरोनात आली होती तीच काळी बुरशी आहे का? घरात माझी दोन लहान मुलं आहेत, त्यांना लागेल का? गोळीने तो गोळा विरघळतो का की ऑपरेशनच करावं लागतं? आणि सहा महिने म्हणजे खरंच सहा की पुढेही? आई रोज विचारते आणि मला काही सांगता येत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज लिहा.

छातीविकार_डॉक

मी सरकारी मेडिकल कॉलेजात छातीविकार विभागात काम करतो. तुमच्या आण्णांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे डोस वगैरे त्यांच्याच डॉक्टरांकडून, पण आजार समजावून सांगतो कारण ही गोष्ट आमच्याकडे आठवड्याला दिसते आणि तरीही लोकांना याचं नावसुद्धा माहीत नसतं.

याला क्रॉनिक पल्मोनरी ॲस्परजिलोसिस म्हणतात, आम्ही सीपीए म्हणतो. ॲस्परजिलस ही बुरशी हवेत सगळीकडे असते, माती, पालापाचोळा, कंपोस्ट, भिजलेला कडबा, जुनं धान्य. तिचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून घेतो आणि धडधाकट फुप्फुस ते साफ करून टाकतं. टीबी बरा झाल्यावर जी पोकळी मागे राहते तिथे हवा नीट खेळत नाही, सफाई होत नाही, वापरात नसलेल्या ओलसर खोलीत भिंतीला बुरशी धरते तसं तिथे ती घर करते. सीओपीडीमुळे उरलेलं फुप्फुसही कमजोर, वरून पंपातलं स्टिरॉइड. म्हणजे आण्णांच्या बाबतीत सगळ्याच गोष्टी जुळून आल्यात.

काळी बुरशी नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आली ती म्युकर, ती वेगळीच बुरशी, नाक-डोळ्याकडून काही दिवसांत पसरायची आणि तिला ॲम्फोटेरिसिन नावाचं दुसरं औषध लागायचं. म्युकरवर इट्राकोनाझोलचा भरवसा धरता येत नाही. सीपीए महिनोन्महिने हळूहळू फुप्फुस पोखरतो. आणि एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. मुलांना आजोबांजवळ खुशाल बसू द्या, ताट-वाटी वेगळी करू नका. फक्त टीबीचं कल्चर यायचंय तोवर खोकताना तोंडावर रुमाल आणि खोलीच्या खिडक्या उघड्या, एवढं पाळा.

कल्चरचं का म्हणतोय तर लिक्विड कल्चरचा निगेटिव्ह रिपोर्ट पक्का व्हायला ४२ दिवस लागतात, आणि टीबी व बुरशी दोन्ही एकत्र असू शकतात. उलटंही होतं, जुना टीबी झालेल्या माणसाच्या थुंकीत मेलेल्या जंतूंचा डीएनए राहतो आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट उगाच पॉझिटिव्ह येते. म्हणून कल्चर हवंच. एनटीएम नावाचे टीबीचे चुलतभाऊ जंतूही असंच चित्र करतात, ते कल्चरमध्येच कळतात. आणि बिडी ओढणाऱ्या माणसात पोकळी किंवा गाठ दिसली तर कॅन्सर नाही ना हे बघावंच लागतं, ते सिटी बघणाऱ्यांनी बघितलं असेल पण पुढच्या वेळी विचारा.

निदानाचा नियम साधा आहे. तीन महिन्यांहून जास्त त्रास, सिटीत पोकळी किंवा गोळा, ॲस्परजिलसचा पुरावा (रक्तातलं आयजीजी किंवा थुंकीत बुरशी उगवणं) आणि दुसरं कारण नसणं. आण्णांचं यात बसतंय. मला खरा राग येतो तो एक्सरेवर टीबी ठरवण्याचा. टीबी झालेल्या माणसाचा एक्सरे जन्मभर खराबच दिसतो. खोकला आणि रक्त परत आलं की थुंकी तपासल्याशिवाय दुसऱ्यांदा एकेटी द्यायचीच नाही. २०११ मध्ये जागतिक अंदाज निघाला होता की टीबीनंतर सीपीए झालेले लोक जगात सुमारे १२ लाख असावेत, आणि टीबीचे सगळ्यात जास्त पेशंट आपल्या देशात. म्हणजे हे लोक आपल्याच गावांत आहेत, टीबी उलटला म्हणून परत परत गोळ्या खातायत.

आता औषध. गोळ्यांनी तो बॉल सहसा विरघळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढच्या सिटीला निराश व्हायला नको. बुरशीची वाढ थांबणं, पोकळ्या वाढायच्या थांबणं, खोकला-रक्त कमी होणं, वजन वाढणं, हे मिळवायचंय. चंदीगडच्या पीजीआयने २०१३ मध्ये छोटा पण नीट केलेला अभ्यास छापला, ३१ पेशंट, सहा महिने इट्राकोनाझोल घेणाऱ्यांत ७६ टक्के सुधारले आणि नुसते वरवरचे उपचार घेणाऱ्यांत ३६ टक्के. मग त्यांनीच सहा महिने विरुद्ध बारा महिने अशी तुलना केली, १६४ पेशंट, २०२२ मध्ये आली. पहिल्या सहा महिन्यांत फायदा दोन्हीकडे सारखाच, पण दोन वर्षांत आजार परत उलटण्याचं प्रमाण सहा महिनेवाल्यांत ३८ टक्के आणि बारा महिनेवाल्यांत १० टक्के. त्यामुळे आईला आत्ताच सांगा की निदान सहा, बहुतेक वर्ष, काहींना त्याहून जास्त. सहा महिन्यांनी बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

ऑपरेशन एकच गोळा, बाकी फुप्फुस चांगलं, दम भरपूर, अशा माणसात छान होतं, तो भाग काढून टाकला की बरेचदा विषय संपतो. सीओपीडी आणि एकाहून जास्त पोकळ्या असल्या की धोका वाढतो. आण्णांना बहुतेक गोळ्यांवरच ठेवतील.

एक महत्त्वाचं राहिलं. एकेटी नक्की कोणत्या तारखेला बंद झाली आणि इट्राकोनाझोल कधी सुरू झालं?

उजनीकाठ

डॉक्टर, तुमचे खूप आभार, आईला आत्ता फोनवर वाचून दाखवलं. एकेटी ज्या दिवशी बंद करायला सांगितली त्याच दिवशी संध्याकाळपासून ही कॅप्सूल सुरू केलीय, आज पाचवा-सहावा दिवस असेल. त्यात काही चुकलंय का?

छातीविकार_डॉक

घाबरू नका, धोका काही नाही, पण डॉक्टरांना फोन करून हे नक्की सांगा. एकेटीतलं रिफाम्पिसिन लिव्हरला इतकं कामाला लावतं की इट्राकोनाझोल रक्तात टिकतच नाही, जवळजवळ शून्य होतं. रिफाम्पिसिन बंद केल्यावरही तो परिणाम साधारण दोन आठवडे राहतो. म्हणजे आण्णा आत्ता कॅप्सूल गिळतायत पण ती फारशी लागू पडत नसणार. त्यामुळे पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही तर औषध फेल गेलं असं समजू नका, आणि सहा महिन्यांचं गणित त्या दोन आठवड्यांनंतरपासून धरायला सांगा. ज्यांना खरोखर टीबी आणि बुरशी दोन्ही असतात त्यांच्यासाठी म्हणूनच वेगळी आखणी करावी लागते. व्होरिकोनाझोल या बुरशीच्या दुसऱ्या औषधाचंही रिफाम्पिसिनबरोबर हेच होतं, त्यामुळे नुसतं औषध बदलून भागत नाही.

साताऱ्याचा_फार्मसिस्ट

डॉक्टरांनी आजाराचं सांगितलं, मी कॅप्सूलचं सांगतो कारण काउंटरवर रोज बघतो की औषध बरोबर असतं आणि घ्यायची पद्धत चुकीची असते, आणि मग पेशंट म्हणतो गुण नाही आला.

उजनीकाठ दादा, आण्णांना पॅन्टोप चालू आहे का? बघा चिठ्ठीत. आपल्याकडे कुठल्याही गोळ्यांबरोबर सकाळी उपाशीपोटी एक ऍसिडिटीची गोळी द्यायची सवयच झालीय. इट्राकोनाझोलच्या साध्या कॅप्सूलला विरघळायला पोटातलं ऍसिड लागतं, ते ऍसिडच तुम्ही बंद केलं तर कॅप्सूल नुसती आरपार जाते. पॅन्टोप, राबेप्राझोल, ओमेप्राझोल, सगळ्याचं तेच. पातळ अँटासिड अगदीच लागलं तर कॅप्सूलच्या दोन तास नंतर. आणि कॅप्सूल पोटभर जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या, चहा-बिस्किटावर नाही. आमच्या भागात म्हातारी माणसं रात्री अर्धी भाकरी आणि दूध घेऊन झोपतात, मग रात्रीची कॅप्सूल वाया. दोन्ही वेळचं जेवण नीट होत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

कॅप्सूल उघडली की आत बारीक दाणे दिसतात, त्या दाण्यांच्या दर्जात कंपनीगणिक फरक असतो हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे एकदा डॉक्टरांनी ठरवलेला ब्रँड दर महिन्याला मेडिकलमध्ये जो असेल त्याने बदलू नका. अजून एक प्रकार मिळतो, सुबा इट्राकोनाझोल, त्याला जेवण आणि ऍसिड यांचं तेवढं बंधन नाही, ज्यांची ऍसिडिटीची गोळी बंदच करता येत नाही त्यांना तो बरा पडतो. पण त्याचे मिलिग्रॅम वेगळे असतात, सुबाची ६५ म्हणजे साध्या १०० च्या बरोबरीची धरतात. चिठ्ठीवर २०० लिहिलंय म्हणून कोणी सुबाच्या गोळ्या तेवढ्याच मिलिग्रॅमने मोजून दिल्या तर डोस जास्त होतो. बदलायचं असेल तर डॉक्टरांकडून नव्याने लिहून आणा, मेडिकलवाल्याला ठरवू देऊ नका, मी स्वतः मेडिकलवाला असून सांगतोय.

आणि ज्यामुळे हे लिहायला घेतलं ते म्हणजे पंप. बुडेसोनाइड आणि इट्राकोनाझोल एकत्र चालले की बुडेसोनाइड शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, साठतं, आणि पंपातल्या थोड्याशा स्टिरॉइडचा परिणाम गोळ्या खाल्ल्यासारखा होतो. तोंड सुजणं, शुगर वाढणं, कातडी पातळ होऊन लगेच काळंनिळं पडणं. फ्लुटिकासोनच्या पंपाचंही तेच. आपल्या मनाने पंप अजिबात बंद करू नका, दम लागेल आणि अचानक बंद केल्याने ग्लानी येऊन पडायचीही भीती असते, पण छातीच्या डॉक्टरांना हा प्रश्न पहिला विचारा, ते पंप बदलून देऊ शकतात. कोलेस्टेरॉलची सिमवास्टॅटिन, ॲटोर्वास्टॅटिन असेल तर तीही सांगा. बीपीची ॲम्लोडिपिन असेल तर पायावर सूज जास्त येते. पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं भरून ओपीडीत न्या, तोंडी नावं सांगू नका.

कोल्हापूरची_लेक

उजनीकाठ, तुमची पोस्ट वाचली आणि माझ्या आईचंच वाचतेय असं वाटलं. आईला टीबी लग्नाआधी झालेला, म्हणजे किती जुना बघा, आणि साठीनंतर हे सुरू झालं. आमच्याकडेही आधी टीबीच म्हणाले होते. आता आई बरी आहे, घरातलं सगळं करते, पण वाट मोठी होती म्हणून काही गोष्टी सांगते ज्या मला आधी कोणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

रक्ताचं आधी. बेडक्याला लागलेली रेष असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या लिहून घ्यायच्या आणि घरात ठेवायच्या, कधी आणि किती घ्यायच्या ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यायचं. पण कपभर किंवा गुळण्यासारखं रक्त आलं तर गोळीची वाट बघत बसायचं नाही, सरळ गाडी काढायची. आईला एकदा रात्री असं झालं, तेव्हा आम्हाला फोनवर डॉक्टरांनी सांगितलं की ज्या बाजूच्या फुप्फुसात आजार आहे ती बाजू खाली करून कुशीवर झोपवा म्हणजे चांगल्या बाजूत रक्त उतरत नाही. आण्णांची उजवी बाजू आहे तर उजव्या कुशीवर. हे घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, हार्टसाठी वगैरे चालू असतील तर रक्त आल्याबरोबर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं ते आज ठरवा. जिथे ब्राँकियल आर्टरी एम्बोलायझेशन होतं तिथेच न्यायचं, ते सगळीकडे होत नाही, मोठ्या शहरात किंवा मेडिकल कॉलेजात होतं. आईचं केलं, मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेतात आणि रक्त गळणारी फुप्फुसाची शीर आतून बंद करतात, पोट-छाती फाडत नाहीत, भूलही पूर्ण दिली नव्हती. त्याच रात्री रक्त थांबलं. पण त्याने बुरशी जात नाही, औषध चालू ठेवलं नाही तर नव्या शिरा फुटून परत रक्त येऊ शकतं, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

आईच्या पायांना इट्राकोनाझोलवर सूज यायला लागली, आम्हाला वाटलं उभं राहून राहून येतेय. तपासलं तर पोटॅशियम कमी आणि बीपी वाढलेलं. इको केला, हार्ट ठीक होतं, पण तरी त्यांनी व्होरिकोनाझोलवर बदललं. ज्यांचं हार्ट आधीच अशक्त आहे त्यांना इट्राकोनाझोल देतच नाहीत म्हणाले, तर आण्णांचा इको झालाय का बघा. व्होरिकोनाझोल वेगळं आहे, ते उपाशीपोटी, जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर. पहिले काही दिवस गोळी घेतली की आईला अर्धा तास रंग विचित्र दिसायचे, लाईटभोवती वलय दिसायचं, ती घाबरून गेली होती, मग आपोआप कमी झालं. उन्हाचा मात्र फार त्रास, चेहरा आणि हात भाजल्यासारखे लाल. छत्री, लांब बाह्या, सनस्क्रीन, शेतातल्या माणसाला हे अवघड आहे मला कळतं. महागही आहे. म्हणून पहिल्यांदा इट्राकोनाझोलच देतात बहुतेक.

जेवणाकडे बघा. अंडी, डाळ, शेंगदाण्याचा लाडू, दूध, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. आम्ही दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहायचो, आणि खरं सांगते औषध लागू पडतंय हे सिटीच्या आधी त्या वहीत दिसलं.

द्राक्षबाग_नाशिक

वाचतोय सगळं. दोन प्रश्न आहेत, धागा उजनीकाठ यांचा आहे तरी विचारतो. माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून दमा आहे, आता वय ३४, मागच्या वर्षी खोकल्यातून तपकिरी रंगाच्या गुठळ्या पडायला लागल्या, आयजीई (रक्तातली ॲलर्जीची तपासणी) २००० च्या वर निघालं आणि डॉक्टर ॲस्परजिलसच म्हणाले. पण त्याला आधी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. इथे स्टिरॉइडने बुरशी वाढते म्हणताय, मग त्याला का दिल्या? दुसरं असं की आम्ही द्राक्षावर भुरीला हेक्झाकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल मारतो, नावं या औषधांसारखीच आहेत, त्याचा याच्याशी काही संबंध?

छातीविकार_डॉक

दोन्ही प्रश्न फार चांगले आहेत.

भावाला आहे तो एबीपीए. बुरशी तीच पण आजार दुसरा. तिथे बुरशीपेक्षा तिच्याविरुद्ध शरीराने केलेली ॲलर्जी जास्त नुकसान करते, श्वासनलिकेत चिकट बुचं तयार होतात, त्याच त्या तपकिरी गुठळ्या. म्हणून ती ॲलर्जी दाबायला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात, साधारण चार महिन्यांत हळूहळू कमी करत आणतात, किंवा स्टिरॉइड टाळायचं असेल तर इट्राकोनाझोल चार महिने, दोन्ही चालतं. फायदा मोजायचा तो टोटल आयजीई वर, आठ आठवड्यांत निदान २०-२५ टक्के उतरायला हवं, अगदी नॉर्मल होईल अशी अपेक्षा नको. दमा असूनही पंपाने आवरत नाही अशा प्रत्येकाची ही तपासणी एकदा तरी व्हावी, नाहीतर वर्षानुवर्षं बुचं बसून श्वासनलिका कायमच्या फुगतात.

आण्णांच्या आजारात मात्र स्टिरॉइडच्या गोळ्या म्हणजे आगीत तेल. उजनीकाठ, हे तुमच्यासाठी पण आहे. सीओपीडीवाल्याला दम लागला की गावात डेक्सा किंवा बेटनेसॉलचं स्टिरॉइड इंजेक्शन मारतात, तासाभरात बरं वाटतं म्हणून लोकही मागतात. सीपीए असताना हे परत परत केलं तर हळू चालणारा आजार अचानक वेगाने फुप्फुसात घुसतो, ताप येतो, अँटिबायोटिकला दाद देत नाही, आणि मग ॲडमिट करून व्होरिकोनाझोल शिरेतून द्यावं लागतं, तरी माणूस हातातून जाऊ शकतो. आण्णांच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा की बुरशीचा आजार आहे, छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टिरॉइड नको. कधी खरंच गरज पडते, तेव्हा देतात, पण बुरशीचं औषध सोबत चालू असताना आणि कमीत कमी दिवस.

फवारणीबद्दल, हो, संबंध आहे. ती औषधं आणि आमची औषधं एकाच घराण्यातली, ॲझोल. शेतातल्या मातीत ॲस्परजिलस असतेच, तिच्यावर वर्षानुवर्षं तो मारा झाला की काही जाती त्याला सरावतात आणि त्याच पुढे माणसाच्या फुप्फुसात गेल्या तर इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोलही चालत नाही. २०१२ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या लोकांनी भारतात पेशंटमध्ये आणि मातीत अशी एकाच प्रकारची दाद न देणारी बुरशी दाखवली होती. युरोपात त्याआधीपासून माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली त्यात ॲस्परजिलस फ्युमिगेटस सगळ्यात वरच्या गटात आहे. आपल्या पेशंटमध्ये गुण न येण्याची कारणं अजून तरी बहुतेक वेळा पॅन्टोप, उपाशीपोटी कॅप्सूल, रिफाम्पिसिन हीच सापडतात, पण तीन-चार महिने औषध नीट घेऊनही आजार वाढत असेल तर थुंकीचं फंगल कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी (त्या बुरशीवर कोणतं औषध चालतं ती तपासणी) मागायची. साधं कल्चर नाही, फंगल असं लिहून घ्यायचं, लॅब वेगळ्या पद्धतीने लावते. तुम्ही फवारताना भुरीवर एकच गट सलग मारू नका, आलटून पालटून मारा, कृषी खातंही तेच सांगतं, बागेसाठीही ते चांगलंच आहे.

द्राक्षबाग_नाशिक

धन्यवाद डॉक्टर. भावाला हे सगळं दाखवतो. आमच्या ग्रुपवरही टाकतो, फवारणीचं कोणाच्या डोक्यातच नाही.

उजनीकाठ

परत आलोय, थोडं सांगायचंय. पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला, एकेटीच्या तारखा सांगितल्या, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पॅन्टोप होतीच चिठ्ठीत, जुनी, गावातल्या दवाखान्यातली, ती बंद करायला सांगितली. पंप बदलून दिला, आता बुडेसोनाइड नाही, टायोट्रोपियम आणि फॉर्मोटेरॉलचा आहे, आणि पुढच्या वेळी सकाळचं कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड) तपासू म्हणाले. इको करून घेतला, पंपिंग चांगलं आहे. रक्तात औषध किती आहे त्याची लेव्हल करता येते म्हणाले, पण आत्ता नको, एकेटीचा परिणाम उतरल्यावर आणि त्यापुढे दोन आठवडे कॅप्सूल नीट घेतल्यावर. हे लेव्हलचं कोणाला माहिती आहे का, कुठे होते, किती यायला हवी?

कोल्हापूरच्या ताई, उजव्या कुशीचं आईला आणि शेजारच्या चुलत्यांना पण सांगून ठेवलंय, आणि सोलापूरला न्यायचं की पुण्याला ते अंतर आणि सोय बघून ठरवतोय.

अजून एक, आण्णा ऐकत नाहीत, गोठ्यात जातातच. म्हशी आहेत, कडबाकुट्टी त्यांनाच चालवायची असते. किती बंधन घालू?

छातीविकार_डॉक

लेव्हल मोठ्या शहरातल्या खासगी लॅबमध्ये होते, काही मेडिकल कॉलेजांतही. पुढची कॅप्सूल घ्यायच्या आधीचं रक्त द्यायचं असतं. एचपीएलसी पद्धतीने निदान ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर तरी यावी, १ च्या आसपास असेल तर अजून बरं, फार वर गेली तर सूज-मळमळ वाढते. लेव्हल कमी आली तर आधी घ्यायची पद्धत तपासतात, मग सुबा किंवा डोस. लिव्हरची तपासणी पहिल्या महिन्यात एकदा आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी, पोटॅशियम सोबत. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक एकदम गेली तर तारखेची वाट न बघता जायचं. सिटी दर महिन्याला करायची गरज नाही, सहा महिन्यांनी करतात, मध्ये एक्सरे आणि वजन पुरतं.

गोठ्यात जाऊ द्या. म्हशीजवळ बसून धार काढली तर काही होत नाही, आयुष्यभर केलेलं काम सुटलं की ही माणसं जास्त खचतात. कडबाकुट्टी मात्र दुसऱ्याने चालवायची, बुरसलेल्या कडब्याच्या पेंढ्या सोडायच्या नाहीत, उकिरडा उपसणं, कोंबडीखत पसरणं, मळणीच्या धुळीत उभं राहणं बंद. जायचंच झालं तर एन-९५ मास्क, टॉवेल नाकाला बांधून भागत नाही. आणि फ्लू आणि न्यूमोकॉकलची लस घेतली नसेल तर घ्या, या फुप्फुसाला अजून एक इन्फेक्शन परवडणार नाही.

साताऱ्याचा_फार्मसिस्ट

लेव्हलच्या दिवशी सकाळची कॅप्सूल खिशात घेऊन जा, रक्त देऊन झालं की तिथेच नाश्ता करून घ्यायची. बरेच जण रक्त उपाशीपोटीचं समजून आदल्या रात्रीचं जेवण आणि कॅप्सूल दोन्ही टाळतात, मग रिपोर्ट चुकीचा कमी येतो. आणि महिन्याचं औषध संपायच्या आठवडाभर आधी मेडिकलमध्ये सांगून ठेवा, तालुक्याच्या ठिकाणी हा माल नेहमी स्टॉकला नसतो, मागवावा लागतो.

कोल्हापूरची_लेक

कडबाकुट्टीचं आमच्याकडेही हेच झालं होतं, आईचं चुलीपाशी बसणं सुटत नव्हतं. आम्ही बंदी न घालता ते काम दुसऱ्या कोणाच्या अंगावर टाकलं आणि तिला तिच्या आवडीचं दुसरं दिलं, मग तिने ऐकलं. आण्णांना दुधाचा हिशोब आणि डेअरीला जाणं द्या. लेव्हलचा रिपोर्ट आला की इथे टाका, आम्ही बघतोय.